दहांपैकीं सहा

आपल्या भाषेनें पोटदुखीवर कधींच पुरता विश्वास ठेवलेला नाहीं. दुसऱ्याचें बरें झालें कीं आपलें पोट दुखतें. शेजाऱ्यानें माडी चढविली कीं आपल्याला पोटशूळ उठतो. आणि ज्या दिवशीं शाळेंत गणिताची परीक्षा असते त्या दिवशीं मुलाचें पोट न चुकतां दुखतें. पाय मुरगळला म्हणणाऱ्याचा आपण पाय पाहतों. पोट दुखतें म्हणणाऱ्या मुलाचें मात्र तोंड पाहतों, तें खरें बोलतें आहे कीं खोटें हें ठरविण्यासाठीं. गंमत अशी कीं, लहान मुलांचे शस्त्रवैद्यहि पोट तपासतांना मुलाच्या तोंडाकडेच पाहत असतात. हेतु तेवढा निराळा. हा फरक मला २०१५ च्या ऑगस्टांत एका रात्रीं समजला, आणि तोहि माझ्या स्वतःच्या हुशारीनें नव्हे.

माझी मुलगी चिमी तेव्हां आठ वर्षांची होती व तिसरींत होती. एका गुरुवारीं पहाटे चारच्या सुमारास ती उठून आमच्या खोलींत आली आणि पोट दुखतें म्हणाली. कोठें दुखतें असें विचारतां तिनें बेंबीवर तळहात ठेवला. तिची आई उठली, कोमट पाणी दिलें, आणि सहा वाजतां तें पाणी उलटून पडलें. त्या दिवशीं गणिताची चाचणी होती. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक. दोन विधानें समोर आलीं कीं तिसरें काढल्याशिवाय मला राहवत नाहीं. परीक्षा आहे, पोट दुखतें आहे, म्हणून परीक्षेमुळें पोट दुखतें आहे. हा अनुमानाभास मी दरवर्षीं पहिल्या सत्रांत फळ्यावर लिहून मुलांना हंसवितों. त्या सकाळीं मीं तो घरांत बसून केला आणि हंसायला कोणी नव्हतें. चिमीनें आवडीच्या शिऱ्याला हात लावला नाहीं, हें पत्नीनें मला दोनदां सांगितलें. "भीतीनें भूक मरते," असें मीं तिला समजावलें आणि मुलीला शाळेंत नेऊन सोडलें. फाटकांतून आंत जातांना ती किंचित् वांकून चालत होती. मला तें दप्तराचें ओझें वाटलें.

अकरा वाजतां शाळेंतून निरोप आला. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे दुपारीं तिला नेलें. दोन वेळां पातळ शौचाला झालें होतें, तेव्हां त्यांनीं पोट बिघडलें असें म्हटलें आणि दुखणें व ताप यांवरचें एक गोड औषध दिलें. मी त्यांना दोष देत नाहीं. त्या दिवसांत गांवांत दर घरटी एक पोट बिघडलेलें होतें, आणि त्यांनीं जातांना "रात्रीं दुखणें वाढलें तर थांबूं नका" असें बजावलेंहि होतें. पुढें मीं जें वाचलें त्यावरून समजलें कीं, आंत्रपुच्छ ओटीपोटांत खालीं लोंबत असलें म्हणजे तें गुदाशयाला डिवचतें आणि मुलाला थोडें थोडें पातळ होतें. अशा मुलांच्या बाबतींत भलेभले फसतात. गाढवाच्या शेपटीचा खेळ मुलें डोळे बांधून खेळतात, तशी ही आंतड्याची शेपटी प्रत्येकाच्या पोटांत निराळ्या जागीं चिकटविलेली असते.

रात्रीं नऊ वाजतां औषधाचा दुसरा डोस दिला आणि अर्ध्या तासांत चिमी म्हणाली, "आतां नाहीं एवढं दुखत." पत्नीचा जीव खालीं पडला. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलों. आई आंतल्या खोलींत जपमाळ घेऊन बसली होती. तिला ही आनंदाची बातमी सांगावी म्हणून मी गेलों. ऐकतांच तिच्या हातांतली माळ खालीं पडली. ती म्हणाली, "दुखायचं थांबलं? अरे, बापूचंहि असंच थांबलं होतं."

बापू हें नांव आमच्या घरांत अडतीस वर्षें कोणी उच्चारलें नव्हतें.

बापू माझा थोरला भाऊ. १९७७ सालच्या श्रावणांत, दापोली तालुक्यांतल्या आमच्या गांवीं, तो नऊ वर्षांचा असतां गेला. मी तेव्हां सहा वर्षांचा होतों, आणि जें आठवतें तें तुटक आठवतें. पहिल्या दिवशीं तो पोट धरून माजघरांत पडला होता. कच्चे पेरू खाल्ले असतील, असें मोठ्या आत्यानें ठरविलें आणि आईनें त्याला एरंडेल पाजलें. पोटाला तेल चोळलें, विटेचा शेक दिला. दुसरा दिवस ओरडण्यांत गेला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ओरडणें थांबलें. तो उशीला टेंकून बसला आणि पाऊस दिसावा म्हणून खिडकी उघडायला सांगितली. आईनें देवापुढें साखर ठेवली. त्यांतली चिमूटभर मला मिळाली, ती चव मला अजून आठवते. संध्याकाळीं त्याचें पोट लांकडासारखें ताठ झालें. नदीला पूर होता. चौथ्या दिवशीं उजाडतां चौघांनीं त्याला खुर्चीला बांधून एस. टी. च्या रस्त्याकडे नेलें, आणि खुर्ची दुपारीं परत आली. लोक म्हणाले पोटांत शूळ उठला. त्यापुढें कोणी कांहीं विचारलें नाहीं, आणि आई कांहीं बोलली नाहीं.

त्या रात्रीं दहा वाजतां आम्ही चिमीला घेऊन रिक्षांत बसलों. मुलांच्या एका शस्त्रवैद्यांचें नांव शेजाऱ्यांनीं सांगितलें होतें. साठीच्या घरांतला ठेंगणा, मितभाषी मनुष्य. त्यांनीं मला बसायला सांगितलें आणि चिमीला मात्र दारापासून टेबलापर्यंत चालत यायला सांगितलें. ती येत असतां ते पाहत राहिले. नंतर त्यांनीं विचारलें, "बाळ, रिक्षांतून येतांना रस्त्यावरच्या उंचवट्यांवर काय झालं?" चिमी म्हणाली, "मी बाबांना म्हटलं, त्या काकांना हळू चालवायला सांगा." हें मीं ऐकलें होतें आणि सोडूनहि दिलें होतें. डॉक्टर तें लिहून घेऊं लागले.

हा प्रश्न म्हणजे त्यांची लहर असावी असें मला वाटलें होतें. पुढें कळलें कीं, २०१२ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं गतिरोधकावरच्या या वेदनेचा रीतसर अभ्यास करून तो छापला आहे. तो मोठ्या माणसांवरचा होता. ज्यांना खरोखरच आंत्रपुच्छाचा दाह होता अशा चौतीस जणांपैकीं तेहतीस जणांना रस्त्याच्या उंचवट्यावर कळ आली होती. परंतु ज्यांना तो नव्हता त्यांतल्याहि बहुतेकांना ती आलीच होती. म्हणजे कळ आली तर फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं. ती आली नाहीं तर मात्र दाह नसावा असें बरेंच म्हणतां येतें. असण्यापेक्षां नसणें अधिक बोलकें, असा हा पुरावा आहे. माझ्या विषयांतलें इतकें सुरेख उदाहरण मला कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मिळालें नव्हतें, आणि तें माझ्याशेजारीं रिक्षांत बसून मला सांगण्यांत आलें होतें.

मग त्यांनीं हात एकमेकांवर चोळून ऊन केले. पोटाला त्यांनीं एकदम हात घातला नाहीं. घसा पाहिला, कारण घशाच्या सर्दीबरोबर आंतड्याजवळच्या गांठी सुजून हुबेहुब असेंच दुखतें. पाठीकडून छाती ऐकली, कारण उजव्या फुप्फुसाच्या तळाशीं न्यूमोनिया झाला तर लहान मूल पोटच दाखवितें. लघवी तपासायला पाठविली. चिमीला एका बोटानें जागा दाखवायला सांगितली. सकाळीं तळहात बेंबीवर होता, आतां बोट थोडें उजवीकडे, खालीं गेलें. "हें केव्हांपासून इकडे आलं?" याचें उत्तर तिला देतां येईना. "नेहमींच इथं दुखतं," असें ती म्हणाली. आठ वर्षांच्या मुलाला नेहमींच म्हणजे आत्तां.

ही वेदनेची वाट मोठी नवलाची आहे. आंत्रपुच्छ सुजूं लागतें तेव्हां त्याच्या तारा मज्जारज्जूच्या ज्या ठिकाणीं जातात त्याच ठिकाणीं बेंबीभोंवतालच्या कातडीच्याहि जातात, म्हणून मेंदूला दुखणें बेंबीपाशीं वाटतें. पुढें सूज पोटाच्या आंतल्या अस्तराला जाऊन भिडली म्हणजे दुखणें आपली खरी जागा दाखवितें. मोठा मनुष्य ही वाट सांगूं शकतो. दोन वर्षांचें मूल केवळ रडतें, आणि म्हणूनच अगदीं लहान वयांत बहुतेक वेळां निदान होण्याआधींच आंत्रपुच्छ फुटलेलें असतें. त्यांत आणखी एक दुर्दैव असें कीं, मोठ्यांच्या पोटांत आंतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा एक पडदा असतो. कोठें आग लागली कीं तो तेथें जाऊन गुंडाळला जातो आणि पू एका जागीं कोंडून ठेवतो. लहान मुलाचा हा पदर आंखूड आणि विरविरीत असतो. तो पोंचतच नाहीं.

डॉक्टरांनीं चिमीचा स्वतःचा हात तिच्या पोटावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. गुदगुल्या होणाऱ्या, भ्यालेल्या मुलाला स्वतःच्या हाताची भीति वाटत नाहीं. डावीकडून त्यांनीं सुरुवात केली, तिच्या बाईंचें नांव विचारीत, गणितांत काय आलें होतें तें विचारीत. त्यांचे डोळे सारा वेळ तिच्या कपाळावर होते. उजव्या बाजूला हात येतांच बाईंचें नांव अर्ध्यावर राहिलें. शेवटीं त्यांनीं तिला खालीं उतरवून भिंतीवरच्या चित्रांतल्या मोराला उडी मारून हात लावायला सांगितलें. चिमी शाळेंत दोरीवरच्या उड्यांत पहिली येत असे. ती वीतभर उडाली आणि गुडघ्यांत मिटली.

त्यांनीं दुखणें थांबविणारें इंजेक्शन मागविलें. तेव्हां मी, मोबाइलावर जें अर्धें पाऊण वाचलें होतें त्याच्या बळावर, "त्यानं लक्षणं झांकलीं जाणार नाहींत का?" असें विचारलें. झॅकरी कोप यांच्या १९२१ सालच्या प्रसिद्ध ग्रंथापासून कित्येक पिढ्या डॉक्टरांना हेंच शिकविण्यांत आलें: निदानाआधीं अफूचा अंश देऊं नये. मुलें तळमळत ठेवण्याची ही रीत पुढें प्रयोग करून पाहतां निराधार ठरली. डॉक्टरांनीं इतकेंच म्हटलें, "दुखणं कमी झालं कीं मूल पोट सैल सोडतं. मला उलट जास्त समजतं."

म्हणजे आईचा तर्क चुकीचा होता. चिमीचें दुखणें थांबलें होतें तें औषधानें. बापूचें थांबलें होतें तें, मला आज वाटतें, आंत्रपुच्छ फुटल्यानें. फुटल्यावर आंतला ताण जातो आणि कांहीं तास मूल शांत होतें. मग पू पोटभर पसरतो. दोन्ही थांबणीं बाहेरून सारखीं. आधार चुकीचा आणि निष्कर्ष बरोबर, असें तर्कशास्त्रांत होऊं शकतें, आणि त्याला आम्ही गुण देत नाहीं. माझें उलट होतें: सकाळपासून माझे आधार सारे खरे होते. परीक्षा होती, साथ होती, औषधानें आराम पडला होता.

रात्रीं सव्वाअकराला सोनोग्राफी झाली. सुजलेलें आंत्रपुच्छ सहा मिलिमीटरांहून जाड दिसतें आणि दाबून चपटें होत नाहीं. पण त्यासाठीं तें आधीं दिसावें लागतें. चिमीच्या पोटांत वायु फार होता आणि तें दिसलेंच नाहीं. "दिसलं नाहीं याचा अर्थ नाहीं असा घेऊं नका," असें तेथल्या डॉक्टरांनीं लिहून दिलें. सी. टी. काढावा कीं काय, असें मीं सुचविलें. एवढ्या वयांत किरणांचा तो मारा शक्यतों टाळतात, असें उत्तर मिळालें. मग त्यांनीं एक कागद पुढें ओढला आणि माझ्या मुलीच्या पोटाला गुण दिले. हें मी अलंकारानें बोलत नाहीं. मदन सॅम्युअल यांनीं २००२ सालीं लहान मुलांसाठीं दहा गुणांची अशी एक पत्रिका तयार केली आहे. भूक नाहीं, एक गुण. उलटी, एक. उजव्या बाजूला खालीं दाबल्यावर दुखणें, दोन. खोकल्यानें किंवा उडीनें दुखणें, दोन. दुखणें बेंबीकडून सरकलें काय, याला गुण नाहीं, कारण साक्षीदाराला सांगतां आलें नाहीं. ताप नाहीं. रक्तांतल्या पांढऱ्या पेशी ९,८००. दहा हजारांच्या वर असत्या तर एक गुण मिळाला असता. त्यांतल्या विशिष्ट पेशींचाहि गुण असाच थोडक्यांत हुकला. बेरीज सहा.

सात किंवा अधिक आले तर बहुधा आंत्रपुच्छच. तीन किंवा कमी आले तर बहुधा नव्हे. सहा म्हणजे ना पास, ना नापास. मी वीस वर्षें परीक्षक होतों आणि सीमेवरच्या अशा उत्तरपत्रिका मीं दयेनें किंवा कंटाळ्यानें इकडच्या तिकडे ढकलल्या आहेत. मी म्हटलें, "डॉक्टर, शंभर टक्के काय तें सांगा. नसेल तर घरीं नेतों, असेल तर आत्तां कापा." ते म्हणाले, "शंभर टक्के सांगण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे फुटेपर्यंत थांबणं. आणि न थांबण्याचाहि एकच, तो म्हणजे दिसेल तें पोट कापणं. पूर्वीं आम्ही तसं करीत असूं. दहांत एकदोन आंत्रपुच्छं निरोगी निघालीं तर तें वावगं समजत नसूं. तुमच्या उत्तरपत्रिकेपेक्षां ही निराळी आहे, प्रोफेसर. तुमची रात्रभरांत बदलत नाहीं. ही मी चार वाजतां पुन्हां तपासणार."

ते पांच तास मी खुर्चींत बसून काढले. आई आमच्याबरोबर आली होती. हट्टानें आली होती. तेव्हां मोबाइलावर मीं जी कांहीं माहिती वाचली ती पुढें ग्रंथांतून पडताळून घेतली, आणि त्यांत दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली अशी कीं, आंत्रपुच्छ कापून काढल्याची जी पहिली नोंद आहे ती एका मुलाचीच आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयांत ६ डिसेंबर १७३५ रोजीं क्लॉडियस अम्यांड यांनीं अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली, तो आंत आंत्रपुच्छ सांपडलें आणि त्यांत गिळलेली टांचणी. भूल द्यायची विद्या त्यानंतर शंभर वर्षांनीं आली. पोर वांचलें. पण तो रोग म्हणून ओळखायला बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांचा १८८६ सालचा निबंध यावा लागला.

दुसरी गोष्ट फ्रेडरिक ट्रीव्हज यांची. २४ जून १९०२ रोजीं, राज्यारोहणाच्या समारंभाला दोन दिवस असतां, त्यांनीं सातव्या एडवर्ड राजाच्या पोटांतला आंत्रपुच्छाचा गळू बकिंगहॅम राजवाड्यांतच फोडला आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत पुढें गेला. या रोगाचे ते इंग्लंडांतले मोठे जाणकार होते. इतिहासांत हें सर्वत्र येतें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९०० सालीं, त्यांची स्वतःची धाकटी मुलगी याच रोगानें गेली होती, हें तितक्या ठिकाणीं येत नाहीं. त्या खुर्चींत बसून मीं राजाविषयीं वाचलें तें केव्हांच विसरलों असतों.

चार वाजतां डॉक्टर आले. चिमीचें अंग तापलें होतें, ३८·४. नव्या रक्तांत पेशी चौदा हजारांवर गेल्या होत्या. पोटाची उजवी बाजू आतां हाताला विरोध करूं लागली होती. त्यांनीं बेरीज मला सांगितली नाहीं. मीं मनांत केली आणि तीहि चुकली. सहा वाजतां शस्त्रक्रिया सुरू झाली. आंत्रपुच्छ ओटीपोटांत वळलेलें होतें, लाल आणि टंच, टोंकाशीं काळवंडलेलें; फुटलेलें नव्हतें. अलीकडे न फुटलेल्या आंत्रपुच्छाला नुसत्या जंतुनाशक औषधांनीं शमवून पाहतात, आणि कांहीं मुलांचें त्यावर भागतेंहि. पण बऱ्याच जणांना वर्षाच्या आंत पुन्हां टेबलावर यावें लागतें. टोंक काळवंडल्यावर हा प्रश्नच उरत नाहीं.

नऊ वाजतां डॉक्टर बाहेर येऊन आईशेजारीं बांकावर बसले. तीच रात्रीं नातीला घेऊन निघा म्हणून अडून बसली होती, हें मीं त्यांना सांगितलें. आईनें तें ऐकलेंसें दिसलें नाहीं. तिनें त्यांना बापूची सारी हकीकत सांगितली, पेरूपासून खुर्चीपर्यंत. मीं ती तिच्या तोंडून त्या दिवशीं प्रथम ऐकली. नंतर तिनें विचारलें, "डॉक्टर, मी त्याला एरंडेल दिलं होतं. त्यानंच फुटलं का तें?"

एरंडेलाविषयीं जुन्या ग्रंथांत काय लिहिलें आहे हें मीं रात्रींच वाचलें होतें. मी जमिनीकडे पाहत राहिलों.

डॉक्टर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "आजी, ज्या मुलाच्या पोटाला मी हात लावला नाहीं, त्याचं निदान मी करीत नाहीं."

आईनें त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलें. मग पदर सारखा केला आणि विचारलें, "चिमीला पेज कधींपासून द्यायची?"

"आज थोडं थोडं पाणी. उद्यां पेज द्या," ते म्हणाले. "पातळच करा. मीठ घातलं तरी चालेल."